गुत्ता, परमिट रूम आणि मद्यगृहाची वास्तू

इंग्लंडच्या बर्कशायर परगण्यात टेम्स नदीकाठी ब्रे नावाचे खेडे आहे. तेथील एका जुन्या मद्यगृहात आल्बेर व मिशेल रू या फ्रेंच बंधूंनी १९७२ मध्ये ‘वॉटरसाइड इन’ हे फ्रेंच पद्धतीचे उंची भोजनगृह सुरू केले. १९८५ मध्ये मिशेलिन मार्गदर्शिकेने त्यास तीन तारे दिले. असे स्थित्यंतर कोल्हापूरच्या राजारामपुरीत अथवा महाराष्ट्रातील एखाद्या खेड्यात सहसा का घडत नाही, याचे उत्तर पाकशास्त्रापेक्षा अबकारीच्या इतिहासात शोधावे लागते.

‘पब’ हा ‘पब्लिक हाउस’ या शब्दांचा संक्षेप. म्हणजे त्याच्या मुळाशी घर आहे. मराठी ‘गुत्ता’ या शब्दाचा मूळ अर्थ मात्र मक्ता असा असून कानडी ‘गुत्तिगे’ हा त्याचा सगोत्र शब्द होय. दारूविक्रीच्या मक्त्याचे नाव पुढे दुकानासच चिकटले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणे व विकणे सरकारी परवान्याखाली आणले. मक्त्याची मुदत संपताच हक्कही संपत असल्यामुळे दुकानाच्या वास्तूवर खर्च करण्यास मक्तेदारास फारसे कारण नव्हते. सुधारकांचाही गुत्त्यास विरोध होता. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये शहरातील दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले व त्याच वर्षीचा मुंबई दारूबंदी कायदा या प्रदेशासही लागू झाला. गुत्त्याचे उघड अस्तित्व तेथे संपले. पुढे निर्बंध सैल झाल्यावर परवानाधारकांसाठी जी जागा निर्माण झाली, तिला ‘परमिट रूम’ हे नाव पडले. येथेही नामकरण झाले ते कायद्यावरून, घरावरून नव्हे.

तात्पर्य, ब्रे येथे वास्तू टिकली म्हणून तिचा उपयोग बदलता आला. मात्र उंची भोजनगृह झाल्यावर तिचे पूर्वीचे सार्वजनिकपण उरले नाही. महाराष्ट्रात विक्रीचा हक्क हस्तांतरित होत राहिला आणि वास्तूला परंपरा लाभली नाही. म्हणून येथील मद्यगृहांच्या अभ्यासकाने जुन्या इमारतींपेक्षा लिलावाचे व अबकारीचे दप्तर प्रथम पाहणे आवश्यक ठरते. गुत्त्यावर बसणाऱ्या श्रमिकांचा इतिहास मात्र त्या दप्तरात महसुलाच्या आकड्यांपलीकडे क्वचितच सापडतो, हेही त्याने विसरू नये.