पहिले वाद्य कोणाच्या मालकीचे?

घरातल्या मुलीला गिटार शिकायची आहे आणि पैसे बेताचे आहेत, तर कोणती घ्यावी? हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीतल्या एखाद्या घरात हा प्रश्न आज निघतो तेव्हा तो अगदी नव्या काळाचा वाटतो. नवे आहे ते वाद्य. नवशिक्याच्या हाती कमी खर्चात काय द्यायचे, याचा विचार या मुलखाने फार पूर्वीच करून ठेवला आहे, आणि तो गिटार घेतानाही उपयोगी पडतो. जुन्या वाद्याची स्वस्ताई नवशिक्याला न लागणारे भाग गाळून आलेली होती. स्वस्त गिटारीत मात्र सगळे भाग असतात आणि काटकसर प्रत्येक भागात थोडी थोडी झालेली असते. पहिले वाद्य निवडताना किमतीच्या आकड्याआधी हा फरक पाहायला हवा.

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो 1999 साली, पण इथली गाण्याची परंपरा आपले मूळ याच जिल्ह्यातल्या नरसी गावाला नेऊन भिडवते. संत नामदेवांचा (1270–1350) जन्म नरसीचा, असे परंपरा मानते, आणि त्यांचे गुरू विसोबा खेचर यांची व त्यांची गाठ जवळच्या औंढा नागनाथला पडली, असेही सांगते. जन्मगावाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत; ते आपल्या मुद्द्याच्या आड येत नाहीत. या परंपरेने रुळवलेली वाद्ये पाहा. एकतारी म्हणजे भोपळा, दांडी आणि एक तार. तिला पडदे नाहीत, त्यामुळे चुकीच्या जागी बसवलेला पडदा ही भानगडच नाही. तार गळ्याला जुळवून घेतली की वाद्य तयार. वारकरी कीर्तनातल्या वीणेच्या तारा मोकळ्याच छेडतात, बोटांनी दाबत नाहीत. अखंड हरिनाम सप्ताहात ही वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. पहारे लावलेले असतात आणि ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. टाळ वाजवत मोठा झालेला मुलगा अशाच एखाद्या पहाऱ्याला तंतुवाद्य पहिल्यांदा हातात धरतो, तेव्हा त्याच्या घरच्यांचा एक रुपयाही खर्च झालेला नसतो. वाद्य वर्गणीचे, मंडळाचे. स्वस्ताईचे हे दुसरे अंग घडणीइतकेच महत्त्वाचे आहे.

मग पेटी आली. पॅरिसच्या अलेक्झांडर दबॅंने 1842 मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला हाताच्या भात्याचे, मांडी घालून वाजवण्याजोगे रूप दिले. पेटीचे सूर आयते असतात, ते वाजवणाऱ्याला शोधावे लागत नाहीत. पण ते आतल्या पत्त्यांवर अवलंबून असतात आणि पत्त्या वाईट असतील तर रियाझाने काही सुधारत नाही. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली ती शास्त्रीय संगीताच्या कारणावरून. खेड्यातल्या भजनाला त्या बंदीचे सोयरसुतक नव्हते. पेटी महाग असली तरी बहुतेक ठिकाणी ती मंडळाने घेतलेली असे. त्यामुळे निकृष्ट पेटी एकट्या मुलाच्या नशिबी क्वचितच येत असे.

गिटारीत साधी घडण आणि सामायिक मालकी ही दोन्ही संरक्षणे एकदम गेली. पोलादी तारांच्या गिटारीवर सहा तारांचा मिळून साधारण 70 किलोचा ताण असतो. तो पेलणारी मान सरळ राहायला हवी, पडदे गणिताने ठरलेल्या जागीच बसायला हवेत आणि तारा पडद्यांपासून फार उंच असता कामा नयेत. तीन-चार हजारांच्या गिटारीत नेमक्या याच कामांत हात आखडता घेतला जातो, कारण ती वेळखाऊ आहेत आणि छायाचित्रात दिसत नाहीत. चकचकीत रंग दिसतो. मराठवाड्याचा कोरडा उन्हाळा आणि त्यामागून येणारा दमट पावसाळा हलक्या लाकडाला वाकवतो, हे वेगळेच.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: एकतारी फक्त आधाराचा सूर देते, गिटार धून आणि कॉर्ड देते, मग तुलना कसली? आक्षेप बरोबर आहे आणि एकतारी घ्या असे इथे म्हणणे नाही. पण ज्या मुलाचा कान आधी सुराला आणि हात आधी टाळाच्या ठेक्याला लागला आहे, त्याला बेसूर गिटार बेसूर आहे हे कळते. दुसऱ्याला वाटते की आपल्यालाच जमत नाही, आणि तो गिटार सोडतो.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. मंडळाचे वाद्य सामायिक होते, पण कोणाकोणात? नामदेवांच्या समकालीन संत चोखोबांना जातीमुळे देवळाबाहेर राहावे लागले. पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले झाले ते 1947 साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. गावात हलगी कोणी वाजवायची आणि संबळ कोणी, हे जातीने ठरलेले होते, आणि वीणा बहुधा पुरुषांच्याच गळ्यात राहिली. आंबेडकरी जलशांनी पेटी-ढोलकी हाती घेतली ती हीच चौकट मोडून. दुकानातली गिटार जात विचारत नाही की मुलगी आहे का तेही विचारत नाही. सामायिकपणाचे गोडवे गाताना ही बाजू झाकणे अप्रामाणिक ठरेल. बाजाराने दार उघडले, हे मान्यच करायला हवे. त्याने दार उघडले आणि निवडीचा भार एकट्या घरावर टाकला.

तो भार हलका करायचा तर जुन्या दोन्ही युक्त्या आजही चालतात. पहिली, गाळण्याची: पिकअप, इक्वलायझर, कापलेली बाजू, नक्षी यांतले काहीही नको. लहान बोटांना नायलॉनच्या तारा बऱ्या, कारण त्यांचा ताण बराच कमी असतो; मूल लहान असेल तर तीन-चतुर्थांश आकार घ्यावा. बाराव्या पडद्यापाशी तार तीनेक मिलिमीटरहून फार उंच नसावी. मोकळी तार आणि तीच तार बाराव्या पडद्यावर दाबून एकाच सुराची, फक्त एक सप्तक वर, ऐकू यावी. ही परीक्षा पेटीवाला कोणीही घेऊ शकतो, त्याला गिटार येत नसली तरी. दुसरी युक्ती वर्गणीची आहे, मात्र या वेळी दार सगळ्यांना उघडे ठेवून. लहान आकाराची गिटार दोन-तीन वर्षांत मुलाला अपुरी पडते, म्हणून दोन-चार घरांनी किंवा शाळेने मिळून एक बरी गिटार घेतली, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च भिंतीवर टांगून राहणाऱ्या स्वस्त गिटारीपेक्षा कमीच होतो.