विद्युत् व चुंबकत्व : मुंबईतील प्रारंभिक विद्यापीठीय अध्ययन

स्थिर व चल विद्युत् भार, त्यांच्याभोवतीची क्षेत्रे, प्रवाहाचे चुंबकीय परिणाम, प्रवर्तन आणि प्रत्यावर्ती मंडले यांचा विज्ञान शाखेच्या पदवीच्या आरंभीच्या वर्षांत होणारा अभ्यास. कूलंब (१७८५), अर्स्टेड (१८२०) व फॅराडे (१८३१) यांच्या मार्गाने विद्यार्थ्यास मॅक्सवेलच्या समीकरणांपर्यंत आणून पोहोचविण्याचा क्रम सर्वत्र एकच असल्यामुळे, प्रस्तुत नोंदीत फोर्ट व गिरगावपासून परळ, दादर, माटुंग्यापर्यंतच्या महाविद्यालयांपुरताच विचार केला असून त्यातही मापनाच्या अंगास अधिक जागा दिली आहे. कारण या नगरीत या विषयाचे जे दफ्तर टिकून राहिले, ते वर्गातील व्याख्यानांचे नसून वेधांचे आहे.

पूर्वपीठिका : मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, परंतु त्यापूर्वी दोन दशके एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये आर्थर बेडफर्ड ऑर्लिबार हे गणित व सृष्टिविज्ञान शिकवीत होते. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारलेल्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय वेध घेतले जाऊ लागले, त्या कामाशीही ऑर्लिबार यांचा संबंध होता आणि त्यांचे शिष्य केरो लक्ष्मण छत्रे हे तरुणपणीच तेथे साहाय्यक म्हणून रुजू झाले. पदार्थविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिणारे केरुनाना ते हेच. आरंभीच्या या मंडळींत अध्यापक, वेधकर्ता आणि ग्रंथकार ही कामे एकाच व्यक्तीकडे असत. पुढे ती विभागली गेली, यात विद्येचा लाभ किती व हानी किती, याचा निर्णय येथे केलेला नाही.

सप्टेंबर १८५९ मधील महान भूचुंबकीय वादळाची कुलाब्यातील नोंद जगभर अभ्यासली जाते. त्या वेळी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या क्षैतिज घटकात सु. १६०० नॅनोटेस्लाची घट आढळली. पुढे नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस हे १८९६ मध्ये वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले आणि १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या वेधांची त्यांनी केलेली संगती १९१० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांच्याच कारकीर्दीत, शहरातील ट्राम विजेवर चालविण्याची तजवीज होत असल्याने, चुंबकीय वेधांचे ठाणे १९०४ मध्ये अलिबागेस हलविण्यात आले. तेथील वेधगृह लोहविरहित अशा पोरबंदरी दगडाचे बांधले व १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेऊन जुन्या-नव्या मालिकांतील तफावत निश्चित करण्यात आली. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली, तोवर सुया सुखरूप खाडीपार पोहोचल्या होत्या. विद्युत् प्रवाह चुंबकसूचीला विचलित करतो, हा अर्स्टेडचा सिद्धांत मुंबई सरकारला असा खर्चाच्या बाबीत मान्य करावा लागला.

संस्था : विल्सन (१८३२), सेंट झेवियर्स (१८६९), रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स (१९२०), माटुंग्याचे रुइया (१९३७), दादरचे कीर्ती (१९५४), परळचे महर्षी दयानंद (१९६२). भायखळ्यास १८८७ मध्ये निघालेली व १९२३ मध्ये माटुंग्यास आलेली व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्था (आता वीरमाता जिजाबाई) अभियांत्रिकीकडे वळणाऱ्यांची. रॉयल इन्स्टिट्यूटमधील गो. रा. परांजपे यांनी भौतिकीच्या अध्यापनाबरोबरच ‘सृष्टिज्ञान’ मासिकाच्या द्वारे विज्ञान मराठी वाचकांपर्यंत नेले.

प्रयोगशाळा : मीटर सेतू, पोटेन्शिओमीटर, केरी फॉस्टरचा सेतू, बॅलिस्टिक गॅल्व्हानोमीटर आणि एलसीआर अनुनाद हे प्रयोग मामूल होत, परंतु ज्या उपकरणाने विद्यार्थ्याच्या हाती प्रत्यक्ष भूगोल येतो ते स्पर्शक गॅल्व्हानोमीटर होय. वेटोळ्याचे प्रतल चुंबकीय याम्योत्तरात आणावयाचे, लोखंडी स्टूल व चाव्यांचा जुडगा दूर ठेवावयाचा, तबकडीखालच्या आरशात काटा व त्याचे प्रतिबिंब एकरेषेत येईपर्यंत डोळा स्थिर करावयाचा, काट्याच्या दोन्ही टोकांची वाचने टिपावयाची, मग कम्युटेटर फिरवून प्रवाहाची दिशा उलटवावयाची आणि पुन्हा दोन वाचने घ्यावयाची, या शिस्तीने काटा केंद्रापासून ढळलेला असल्याचा अथवा वेटोळे नीट न लावल्याचा दोष सरासरीत बव्हंशी निघून जातो. चार वाचनांऐवजी एकच घेऊन उरलेली तीन जर्नलात बेमालूम भरणाऱ्याचा दोष मात्र कोणत्याही सरासरीत निघत नाही.

मुंबईसाठी क्षैतिज घटकाचे मूल्य सु. ०·३८ गॉस धरण्याचा शिरस्ता आहे. तदनुसार ५० वेढ्यांच्या, ८ सें.मी. त्रिज्येच्या वेटोळ्यात काटा ४५ अंशांवर स्थिरावण्यास सु. ९७ मिलिअँपिअर प्रवाह लागतो. आणि मोजणीतील चुकीचा परिणाम सर्वांत कमी व्हावा म्हणून विचलन ४५ अंशांच्या जवळपासच ठेवावे, असे प्रत्येक अध्यापक बजावतो. हाच हिशेब १८५९ च्या वादळास लावला असता, क्षैतिज घटक सु. चार टक्क्यांनी घटल्यामुळे त्याच प्रवाहाने काटा सु. १·२ अंश अधिक सरकला असता, म्हणजे आजचा जागरूक विद्यार्थीही तबकडीवर ते ओळखू शकला असता. प्रयोगशाळेतील ०·३८ हा आकडा पाठ करावयाचा नसून दक्षिणेकडे तीसेक कि.मी.वर अलिबागेत अखंड मोजला जाणारा आहे, हे सांगितले जाते त्या वर्गात हा प्रयोग सार्थकी लागतो.

सैद्धांतिक अंग : गाउसचा नियम, अँपिअरचा नियम, डायव्हर्जन्स, कर्ल व सीमाअटी, तपशील अन्यत्र.

पाठ्यपुस्तके : ग्रिफिथ्सचे विद्युत् गतिकीवरील पुस्तक हे आता पदवी स्तरावर सर्वत्र प्रमाण मानले जाते. तत्पूर्वी व त्याच्या जोडीने डी. सी. तायल यांचा ‘इलेक्ट्रिसिटी अँड मॅग्नेटिझम’ हा ग्रंथ पिढ्यांनी वापरला. सोडविलेल्या उदाहरणांमुळे परीक्षार्थ्यांस तो विशेष प्रिय असून, त्याची प्रकाशक हिमालय पब्लिशिंग हाउस ही संस्था गिरगावातील डॉ. भालेराव मार्गावरची आहे. रोधक, धारित्र व मिलिअँमीटर यांसाठी विद्यार्थी जवळच्या लॅमिंग्टन रोडवर (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) जातात.

परिसर : प्रत्यावर्ती प्रवाह व रोहित्र हे प्रकरण शिकणाऱ्या परळ-लालबागच्या विद्यार्थ्याच्या घरामागेच त्याचे उपयोजन होते. खोपोलीच्या जलविद्युत् केंद्रातून टाटांची वीज १९१५ पासून गिरण्यांस मिळू लागली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची आगगाडी सुरू झाली, ती १५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर. तिचे २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर एकविसाव्या शतकात पुरे झाले.

माध्यम व परीक्षा : अध्यापन मुख्यत्वे इंग्रजीतून. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांस पहिले सत्र जड जाते, याविषयी दुमत नाही. उपायांविषयी आहे, म्हणून त्यांची चर्चा येथे टाळली आहे. २०११-१२ पासून श्रेयांक-सत्र पद्धती लागू झाली. लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक परीक्षा होते आणि तीस बसण्यापूर्वी प्रमाणित केलेले जर्नल दाखल करावे लागते.