दुर्बिणीची शस्त्रक्रिया: आधी नाकारली, मग घाईने स्वीकारली

आजचा विषय आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी येऊन गेलेला आहे. कुणाचे पित्ताशयातले खडे, कुणाचं अपेंडिक्स, कुणाचा गुडघा. "दुर्बिणीतून झालं, दोन दिवसांत घरी आले," असं आपण सहज सांगतो. या वाक्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो सरळ वाटेने आलेला नाही.

सुरुवात होते मेणबत्तीपासून. फ्रँकफर्टच्या फिलिप बोझिनी या डॉक्टरने १८०६ च्या सुमारास एक उपकरण तयार केलं. त्यात मेणबत्ती, आरसा आणि शरीराच्या आत उजेड नेणारी नळी होती. व्हिएन्नाच्या वैद्यकीय मंडळींना ते पसंत पडलं नाही. १८०९ मध्ये बोझिनी टायफसने गेला. पुढे १८७०च्या दशकात माक्सिमिलियन निट्झेने मूत्राशय तपासायची दुर्बीण बनवली. मूत्राशयाला बाहेरून वाट आहे, हे सोपं. बंद पोटात कसं शिरायचं? १९०१ मध्ये गेओर्ग केलिंग यांनी कुत्र्याच्या पोटात हवा भरून आत दुर्बीण घालून दाखवली. १९१० मध्ये स्टॉकहोमच्या हान्स क्रिस्टियान याकोबेउस यांनी माणसाच्या पोटातल्या आणि छातीतल्या तपासणीचा अनुभव प्रसिद्ध केला.

त्यानंतर कितीतरी वर्षं पोटातली दुर्बीण मुख्यतः बघण्यापुरतीच राहिली. तिला जपलं ते स्त्रीरोगतज्ज्ञांनी. आपल्याकडे कुटुंबनियोजनाच्या शिबिरांमुळे 'बिनटाक्याचं ऑपरेशन' हा शब्द खेड्यापाड्यात पोचला, तेव्हा पोटाच्या बहुतेक सर्जननी दुर्बीण हातातही धरली नव्हती.

म्हणूनच पुढचं पाऊल टाकलं ते एका स्त्रीरोगतज्ज्ञानेच. जर्मनीतल्या कील शहराचे कुर्ट झेम. पोटात ठरावीक दाबाने कार्बन डायऑक्साइड भरणारं स्वयंचलित यंत्र त्यांनी विकसित केलं. हाच वायू का? तो पेट घेत नाही, आणि रक्तात विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो. १९८० मध्ये झेम यांनी दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं. सर्जन मंडळी खवळली. त्यांना शस्त्रक्रिया करायला बंदी घाला, अशी मागणी झाली. अपेंडिक्स म्हणजे सर्जनचं राज्य, तिथे हा कोण?

बरं, झेम बाहेरचे होते. एरिक म्यूहे तर सर्जनच होते ना? बोबलिंगनच्या म्यूहे यांनी १२ सप्टेंबर १९८५ रोजी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. जगातली अशी ही पहिली शस्त्रक्रिया. पुढच्या वर्षी जर्मन सर्जनांच्या परिषदेत त्यांनी ती मांडली, तर थंडा प्रतिसाद. ल्योंच्या फिलिप मूरे यांनी १९८७ मध्ये हेच केलं, फ्रान्समधून ते जगभर पसरलं, आणि मग १९९२ मध्ये जर्मन सर्जनांच्या संघटनेने म्यूहेंचा गौरव केला.

मधल्या काळात काय बदललं? कॅमेरा आला. पूर्वी सर्जन नळीला डोळा लावून एकटाच बघायचा, आणि एक हात ती नळी धरण्यात अडकायचा. आता चित्र टीव्हीच्या पडद्यावर आलं. सहायकाला दिसू लागलं, शिकणाऱ्याला दिसू लागलं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया १९७०च्या दशकापासून तपासणीसाठी दुर्बीण वापरत होते. त्यांनी १९९० मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. भारतातली ती पहिली अशी शस्त्रक्रिया, आणि झाली ती सरकारी रुग्णालयात.

इथवरची गोष्ट 'द्रष्ट्यांना कुणी ओळखलं नाही' अशी वाटते. पण खरी गुंतागुंत इथून पुढे आहे.

१९९० नंतर पेशंटच विचारू लागले, "दुर्बिणीतून करता का?" नाही म्हणणारा सर्जन मागे पडणार. मग एखाद-दुसऱ्या दिवसाचा अभ्यासवर्ग करून लोक कामाला लागले. पडद्यावरच्या चित्राला खोली नसते आणि बोटांनी चाचपता येत नाही. पित्ताशय चुकीच्या दिशेने ओढलं गेलं तर मुख्य पित्तनलिका लहान नलिकेसारखी भासते आणि तीच कापली जाते. अशा इजा उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा काही पटींनी वाढल्या. शेवटी १९९२ मध्ये न्यूयॉर्क राज्याला प्रशिक्षणाच्या अटी घालून द्याव्या लागल्या. म्हणजे आधी न बघता नाकारलं होतं, आता न बघता स्वीकारलं.

पुढे एकेका आजाराची रीतसर परीक्षा झाली, आणि उत्तरं एकसारखी आली नाहीत. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा अमेरिकेतला मोठा अभ्यास २००४ मध्ये आला. त्यात ८७२ रुग्ण होते. रोग उलटण्याचं प्रमाण दोन्ही पद्धतींत जवळपास सारखंच निघालं. दुर्बीण पास झाली. गुडघ्याच्या झिजेचं काय? २००२ मध्ये ह्यूस्टनमधल्या अभ्यासात १८० रुग्ण होते. काहींना फक्त वरवरचे छेद दिले, आत काहीच केलं नाही. खरी शस्त्रक्रिया झालेल्यांना त्यांच्यापेक्षा जास्त आराम पडला नाही!

आणि २०१८ मध्ये गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगाचा निकाल आला. साडेचार वर्षांनी रोगमुक्त असलेल्या स्त्रियांचं प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेनंतर ९६.५ टक्के, तर दुर्बिणीनंतर ८६ टक्के. असं का झालं असावं, यावर तज्ज्ञांत चर्चा चालू आहे. पण ही शस्त्रक्रिया अनेक वर्षं दुर्बिणीतून होत होती, आणि कुणाला शंका आली नव्हती. छेद लहान, रक्तस्राव कमी, घरी लवकर. सगळं बरंच दिसत होतं. जे बिघडत होतं ते काही वर्षांनी कळणारं होतं.

म्हणून, मंडळी, 'दुर्बिणीची शस्त्रक्रिया चांगली का?' हा प्रश्न अर्धाच आहे. कुठल्या आजारासाठी, आणि कुणाच्या हातून, हे त्याला जोडावं लागतं. पित्ताच्या खड्यांसाठी ती आज जगन्मान्य पद्धत आहे, आणि तिने असंख्य लोकांच्या वेदना वाचवल्या. पण पित्ताशयाचं उत्तर गर्भाशयमुखाला लागू पडत नाही. पुढच्या वेळी डॉक्टर म्हणाले, "दुर्बिणीतून करू," तर घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. शांतपणे विचारा: माझ्या आजारात दोन्ही पद्धतींची तुलना झाली आहे का, तुम्ही अशा किती केल्या आहेत, आणि मधेच पोट उघडावं लागलं तर? चांगल्या डॉक्टरला हे प्रश्न विचारल्याचा राग येत नाही.