हवानाचा पीतज्वर

उष्ण कटिबंधांतील शहरांचा इतिहास राजे व सेनापति यांच्या नांवांनीं लिहिला जातो. परंतु त्यांपैकीं कित्येक शहरांचें भवितव्य एका क्षुद्र कीटकानें ठरविलें आहे. क्यूबा बेटाची राजधानी हवाना हिची कथा या दृष्टीनें फार उद्बोधक आहे.

हवानांत पीतज्वराची वस्ती सुमारें दीडशें वर्षें होती. रोग्याला एकाएकीं थंडी वाजून ताप भरे, डोळे व कातडी पिवळी पडे, काळी वांति होई, आणि पुष्कळ रोगी थोड्याच दिवसांत दगावत. जहाजांबरोबर ही साथ उत्तरेकडेहि जाई. १७९३ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरांत तिनें सुमारें ५,००० बळी घेतले. दूषित हवा आणि रोग्याचे कपडे यांवर सर्वांचा संशय होता. म्हणून कपडे जाळीत, गंधकाची धुरी देत. पण रोग हटत नसे.

हवानाचेच एक डॉक्टर कार्लोस फिन्ले यांनीं १४ ऑगस्ट १८८१ रोजीं तेथील विद्वत्सभेपुढें निबंध वाचला आणि घरांत वावरणारा एक विशिष्ट जातीचा डांस हाच या रोगाचा वाहक होय, असें प्रतिपादन केलें. हाच तो ईडिस इजिप्ती. सभेला तें पटलें नाहीं. फिन्ले यांचे प्रयोगहि निर्णायक ठरेनात. रोग्याला चावलेला डांस इतरांस रोग देण्याजोगा होण्यास सुमारें बारा दिवस लागतात, हें त्या वेळीं कोणासच ठाऊक नव्हतें. फिन्ले तो डांस त्यापूर्वींच दुसऱ्यास चावूं देत. अशीं एकोणीस वर्षें वायां गेलीं.

१९०० सालीं बेट अमेरिकेच्या ताब्यांत असतां मेजर वॉल्टर रीड यांचें लष्करी वैद्यकीय मंडळ तेथें आलें. फिन्ले यांनीं जपून ठेवलेलीं डांसांचीं अंडीं त्याच्या स्वाधीन केलीं. मंडळांतील चौतीस वर्षांचे डॉ. जेसी लाझिअर डांस चावून आजारी पडले व २५ सप्टेंबर रोजीं वारले. त्यांच्याच नांवाच्या छावणींत पुढील प्रयोग झाले. एका झोंपडींत तीन तरुण रोग्यांच्या घाणेरड्या अंथरुणांत वीस रात्री निजले. कोणालाहि कांहीं झालें नाहीं. दुसऱ्या स्वच्छ झोंपडींत मध्यें तारेची जाळी लावून एका बाजूस डांस सोडले. त्या बाजूचा मनुष्य आजारी पडला, पलीकडचे दोघे सुखरूप राहिले. वादाचा निकाल लागला.

त्या वेळीं ना लस होती, ना औषध. तरीहि विल्यम गॉर्गस यांनीं १९०१ च्या फेब्रुवारींत मोहीम उघडली. हा डांस दूरच्या दलदलींत नव्हे, तर घरच्या स्वच्छ पाण्यांत वाढतो. म्हणून त्यांचीं पथकें घरोघर फिरलीं. पिंपें झांकलीं, साठलेल्या पाण्यावर तेल ओतलें, रोग्यांना जाळीच्या खोल्यांत ठेवलें. सप्टेंबरांत पीतज्वर हवानांतून नाहींसा झाला. पनामांत फ्रेंच कालव्याचें काम सुमारें २०,००० माणसें मरून बंद पडलें होतें. तेथें हीच पद्धति चालविल्यावर १९१४ सालीं कालवा खुला झाला.

पीतज्वराचें मूळ विषाणु आहे, हें पुढें सिद्ध झालें. १९३७ सालीं मॅक्स थायलर यांनीं त्यावर उत्तम लसहि दिली. परंतु डांस उरला होता. १९८१ सालीं क्यूबांत डेंग्यूची साथ उठली: ३,४४,००० हून अधिक लोक आजारी पडले, १५८ मृत्यु पावले, आणि त्यांत १०१ मुलें होतीं. विषाणु निराळा, वाहक मात्र तोच.

तोच डांस मुंबई-पुण्याच्या पिंपांत, कुंड्यांखालच्या ताटल्यांत आणि गच्चीवरील टाक्यांत राहतो. त्याचीं अंडीं कोरड्या भांड्याच्या कडेला महिनोन् महिने टिकतात. केवळ पाणी ओतून टाकणें पुरत नाहीं, भांडें घांसावेंहि लागतें. फिन्ले यांचें म्हणणें सिद्ध करण्यासाठीं लाझिअर यांना प्राण द्यावे लागले. गृहस्थानें आठवड्यांतून एक सकाळ दिली, तरी त्या ज्ञानाचें सार्थक होईल.