मज्जासंस्था अतिदक्षता वैद्यक

मज्जासंस्था अतिदक्षता वैद्यक, म्हणजेच रुग्णालयीन व्यवहारातील न्यूरोक्रिटिकल केअर, ही मेंदू, मज्जारज्जू व चेतातंतूंच्या प्राणघातक विकारांवर अतिदक्षता विभागात उपचार करणारी वैद्यकशाखा होय. डोक्याची गंभीर दुखापत, पक्षाघात, मेंदूतील रक्तस्राव, न थांबणारी अपस्माराची झटक्यांची मालिका आणि गियाँ-बारे संलक्षण हे तिच्या कक्षेतील प्रमुख आजार आहेत.

== स्वरूप ==
१९५२ मध्ये कोपनहेगन येथे पोलिओची साथ आली असता भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वसनस्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालून हाताने हवा पुरविण्याची पद्धत अवलंबिली. शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हे काम केले. आधुनिक अतिदक्षता विभागाचा उगम याच प्रसंगात मानला जातो.

पहिल्या आघातात मेंदूच्या ज्या पेशी मरतात त्या परत मिळत नाहीत. मात्र त्यानंतरची सूज, प्राणवायूची कमतरता, घसरलेला रक्तदाब व ताप यांमुळे होणारी दुय्यम हानी टाळता येते. या शाखेचे बहुतेक काम या दुय्यम हानीविरुद्ध असते. रुग्णाची शुद्ध ग्लासगो मापनश्रेणीने (३ ते १५ गुण) वारंवार मोजली जाते.

== प्रशिक्षण ==
भारतात या शाखेकडे जाणाऱ्या वाटा एकाहून अधिक आहेत. एम.बी.बी.एस.ला आंतरवासितेसह साडेपाच वर्षे व एम.डी.ला तीन वर्षे लागतात. भूलशास्त्रातील एम.डी.नंतर न्यूरोअ‍ॅनेस्थेशिया विषयात तीन वर्षांची डी.एम. ही अतिविशेष पदवी घेता येते. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, बंगळूरची निम्हान्स आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था ही तिची नावाजलेली केंद्रे आहेत. भूलशास्त्र, औषधवैद्यक किंवा श्वसनविकार या विषयांतील एम.डी.धारकांना क्रिटिकल केअरमधील डी.एम. वा डी.आर.एन.बी. हा दुसरा मार्ग आहे. मज्जाविकारतज्ज्ञ व मेंदूशल्यचिकित्सकही पुढील फेलोशिप करून या कामाकडे वळतात. एकंदरीत किमान साडेअकरा वर्षे खर्ची पडतात; प्रवेशपरीक्षांची तयारी आणि सक्तीची शासकीय सेवा यांची वर्षे त्यात धरलेली नाहीत. बारावीच्या विद्यार्थ्याने व त्याच्या पालकांनी हा हिशेब आरंभीच मांडलेला बरा.

परिचारिकांसाठी अतिदक्षता शुश्रूषेचे पदव्युत्तर शिक्षण उपलब्ध आहे. बाहुलीच्या आकारातील बदल अनेकदा प्रथम परिचारिकेच्याच लक्षात येतो, त्यामुळे या विभागात तिचे स्थान दुय्यम मानता येत नाही.

== जालना जिल्ह्यातील संदर्भ ==
१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या जालना जिल्ह्यात बदनापूर तालुक्यातील वरुडी येथे खासगी वैद्यकीय महाविद्यालय आहे. जालना शहरात २०२४ मध्ये १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अतिविशेष शिक्षणासाठी मात्र विद्यार्थ्यांना जिल्ह्याबाहेर जावे लागते.

गंभीर रुग्ण पुढील उपचारांसाठी सुमारे ६० किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरला हलविले जातात. मेंदूची रक्तवाहिनी तुंबून पक्षाघात झाला असल्यास गुठळी विरघळविणारे इंजेक्शन लक्षणे दिसल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी रक्तस्राव नसल्याची सी.टी. स्कॅनने खात्री करणे आवश्यक असते. मंठा, परतूर वा घनसावंगी तालुक्यातील खेड्यांतून निघालेल्या रुग्णाचा बराचसा अवधी वाटेतच जातो.

शेतीप्रधान भागात मण्यार सापाचा दंश हीदेखील या शाखेची बाब ठरते. दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसास होतो आणि वेदना फारशी जाणवत नाही. पापण्या जड होतात, वाचा बसते व पुढे श्वास बंद पडतो. पूर्ण लुळा पडलेला असा रुग्ण शुद्धीवर असू शकतो, आणि पाहणाऱ्यास मृत भासला तरी कृत्रिम श्वसनाच्या आधारे संपूर्ण बरा होऊ शकतो. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या विषबाधेतही श्वसनस्नायू निकामी होतात.

याच कारणास्तव मेंदूमृत्यूचे निदान काटेकोर ठेवलेले आहे. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करावी लागते. विष, औषधे वा शरीराचे घटलेले तापमान ही कारणे त्यापूर्वी वगळावी लागतात.

== व्यवसायसंधी ==
या तज्ज्ञांना मुख्यत्वे मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांतील मोठी रुग्णालये व अध्यापन संस्था यांत काम मिळते. रात्रपाळ्या, मृत्यूशी नित्य संबंध आणि नातेवाइकांना अप्रिय वार्ता सांगण्याचा ताण हा या कामाचा अटळ भाग आहे. जिल्हास्तरावर स्वतंत्र मज्जासंस्था अतिदक्षता कक्ष क्वचितच असतो. तेथे हे काम भूलतज्ज्ञ व फिजिशियन सर्वसाधारण अतिदक्षता विभागातूनच पार पाडतात.