साखळीचा दात

जुने यंत्र दुरुस्त करताना काय बदलावे आणि काय तसेच राहू द्यावे, हा प्रश्न घड्याळजींना किंवा पायपेट्या नीट करणाऱ्यांना नवा नाही. मला तो पडला साखळी-करवतीच्या निमित्ताने. वादळात झाड कोसळले की नगरपालिकेची माणसे जी कर्कश करवत घेऊन येतात, तीच ही. लांबट पात्याच्या कडेने दातेरी साखळी पळते आणि मागे एंजिन भुणभुणते.

हिचा पूर्वज लाकडासाठी जन्मलाच नव्हता. वुर्झबुर्गच्या बर्नहार्ट हाइने याने १८३० च्या सुमारास हाड कापण्यासाठी दांडा फिरवून चालवायचे साखळीचे हत्यार केले. रानात यायला तिला पुढे शंभर वर्षे लागली. १९२६ साली आंद्रेआस श्टीलने विजेवरची करवत केली, आणि १९२७ साली एमिल लेर्पने पेट्रोलवरची करवत थुरिंगियातील डोलमार नावाच्या डोंगरावर चालवून पाहिली. करवतीलाही डोंगराचेच नाव मिळाले. वजन ५८ किलो! दोघांनी उचलावी तेव्हा ती झाडाला लागायची.

म्हणजे एंजिन तयार होते. तयार नव्हता तो दात. जुन्या साखळीचे दात हातकरवतीचेच. काही लाकडावर ओरखडे काढत, काही तो चुरा बाहेर ओढत. ते लवकर बोथट होत, आणि एकेक दात कानशीने घासता घासता कामगाराचा दिवस जाई. १९४६ साली ऑरेगनमध्ये ज्यो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या जळण फोडत असता एका बुंध्यातली भुंगेऱ्याची अळी त्याच्या नजरेस पडली. ती लाकडाच्या रेषांच्या दिशेने आणि रेषा तोडूनही सारख्याच सहजतेने पोखरत होती. तिचे जबडे पाहून त्याने पोर्टलंडला घराच्या तळघरात नव्या घडणीचा दात केला. तो ओरखडत नाही. सुताराच्या रंध्यासारखा तासतो, आणि गोल कानशीने चटकन धार घेतो. १९४७ साली ती साखळी विक्रीस आली. १९४९ मध्ये मॅकुलकची २५ पौंडांची करवत आली आणि दुसऱ्या माणसाची गरज सरली. त्यानंतर जंगले ज्या वेगाने पडली त्याचे खापर बिचाऱ्या अळीवर फोडावे काय?

पोर्टलंडला राहत असताना माझ्या शेजारच्या निवृत्त मिस्त्रींकडे डिस्टनची दोघांनी चालवायची, १९४० नंतरच्या दशकातली करवत आली. एंजिन जाम होते. प्लगच्या भोकातून तेल सोडून आम्ही आठवडाभर थांबलो आणि मग चाक हाताने हळूहळू हलवले. पॉइंट काळे पडले होते. बारीक पॉलिश कागदाने पुसताच ठिणगी आली. मॅग्नेशियमच्या ओतीव कवचावर पांढरी भुकटी धरली होती, ती तारेच्या ब्रशने न खरवडता नुसती पुसली. पेट्रोलची नळी मात्र बेलाशक नवी घातली. हल्लीच्या पेट्रोलात अल्कोहोल असते (आपल्याकडच्या पंपावरही आता असतेच), आणि जुने रबर त्यात फुगते, चिरते. नळी ही झिजण्यासाठीच असते. ती बदलल्याने इतिहासाचे काही बिघडत नाही.

साखळीचे तसे नव्हते. ती जुन्या ओरखड्या दातांची निघाली. पाहायला येणारा प्रत्येक जण सांगे, ही फेका, तासणारी घाला, लोण्यासारखी कापेल. कापलीही असती. पण मग ते एंजिन १९४० चे आणि काम १९५० चे झाले असते, आणि कॉक्सला त्या अळीकडे का पाहावेसे वाटले हे त्या करवतीकडे पाहून कुणालाच कळले नसते. हौशी लोक एंजिनाला आरशासारखी चकाकी देतात आणि साखळी भंगारात टाकतात, हे मला उलटे वाटते. मिस्त्रींना माझे म्हणणे पटायला दोन दिवस लागले.

तिला ना साखळीचा ब्रेक, ना हाताला आडोसा. म्हणून ओंडका घट्ट बांधला, दोघांनी दोन टोके धरली आणि बेताबेताने कापला. भुसा पडला तो रव्यासारखा बारीक. शेजारी नव्या करवतीने पाडलेल्या कपच्या होत्या, त्या पोह्यांएवढ्या. दुसऱ्या ओंडक्यात निम्म्यावर साखळी धुरकटू लागली. आम्ही एंजिन बंद केले, आणि कानस घेऊन दात मोजायला बसलो.