अमेरिकन चित्रकथांतील शक्तिधारी कुमार आणि ‘गुन्हा’ हा शब्द

अमेरिकेतील चित्रकथा-प्रकाशकांच्या संघाने १९५४ च्या ऑक्टोबरात जी आचारसंहिता स्वीकारली, तिच्यातील एक नियम भाषाभ्यासकाच्या दृष्टीने मोठा कुतूहलजनक आहे. मुखपृष्ठावर ‘क्राइम’ हा शब्द शीर्षकातील इतर शब्दांहून लक्षणीय मोठ्या अक्षरांत छापू नये व तो एकटा तर कधीच येऊ नये, असे तिने बजावले. शब्दांच्या वापरावर बंधने घालणारे नियम पुष्कळ आढळतात. अक्षरांच्या उंचीवर बंधन घालणारा नियम विरळाच. ‘क्राइम डज नॉट पे’ ह्या १९४२ मध्ये सुरू झालेल्या नियतकालिकाची मुखपृष्ठे पाहिली म्हणजे त्याचे कारण ध्यानात येते. तेथे पहिला शब्द प्रचंड, आणि त्याला जोडलेला उपदेश अगदीच खुजा!

ह्या संहितेमागे मनोविकारतज्ज्ञ फ्रेड्रिक वर्थम ह्यांचा १९५४ मधील गाजलेला ग्रंथ आणि बालगुन्हेगारीविषयीच्या सेनेट-उपसमितीची त्याच वर्षीची चौकशी होती. चित्रकथांच्या वाचनाने मुले गुन्ह्याकडे वळतात, हा वर्थम ह्यांचा सिद्धान्त. कॅरोल टिली ह्यांनी २०१२ मध्ये त्यांच्या मूळ टिपणांशी ग्रंथ ताडून पाहिला, तेव्हा मुलांची वये बदललेली व अनेकांचे बोल एकाच्या तोंडी घातलेले आढळले. अर्थात तोवर संहिता इतिहासजमा झाली होती. भीती मात्र अमेरिकेपुरती राहिली नव्हती. भारतीय संसदेनेही १९५६ मध्ये तरुणांना अपायकारक अशा प्रकाशनांविरुद्ध कायदा केला, आणि त्यात ‘तरुण’ म्हणजे वीस वर्षांखालील व्यक्ती, अशी व्याख्या केली.

ह्या वादात कुमार हा केवळ वाचक, बिघडू शकणारा. कथेतही त्याचे स्थान दुय्यमच होते. १९४० मध्ये अवतरलेला रॉबिन हा बॅटमनचा साहाय्यक. त्याच वर्षीच्या बिली बॅटसनला ‘शझाम’ ह्या मंत्राक्षरांनी शक्ती लाभे खरी, पण मंत्र उच्चारताच तो प्रौढ पुरुष होई. म्हणजे शक्ती कुमाराची नव्हेच!

१९६२ मध्ये स्टॅन ली व स्टीव्ह डिट्को ह्यांच्या स्पायडरमनने ही रीत मोडली. कुमार नायक होऊ शकत नाही, अशी हरकत प्रकाशकाने घेतल्याचे ली पुढे सांगत असत. पीटर पार्कर शक्ती लाभल्यावरही शाळकरी मुलगाच राहतो. समोरून पळणाऱ्या चोराला तो आपल्याला काय त्याचे म्हणून जाऊ देतो. तोच चोर त्याच्या काकांचा जीव घेतो. गुन्ह्याचा आस्वाद किंवा अनुकरण हा येथे प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो कुमाराच्या उत्तरदायित्वाचा, आणि वर्थम ह्यांच्या विवेचनात त्याला जागाच नव्हती.

संहितेची खरी कसोटी १९७१ मध्ये लागली. अमली पदार्थांचे दुष्परिणाम दाखवावेत, अशी विनंती सरकारच्या आरोग्यखात्याने ली ह्यांना केली. त्यांनी तशी कथा लिहिली. संहितेच्या पर्यवेक्षकांनी मात्र संमती नाकारली. कथा त्या पदार्थांचा निषेध करीत होती, पण निषेधासाठीसुद्धा विषयाचा उल्लेख करावाच लागतो! अखेर स्पायडरमनचे ९६ ते ९८ हे अंक संमतिमुद्रेवाचून निघाले व त्याच वर्षी नियम शिथिल करण्यात आले. मुद्रा मात्र त्यानंतरही दीर्घकाळ छापली जात राहिली. शेवटच्या दोन प्रकाशनसंस्थांनी ती २०११ मध्ये सोडून दिली.